सहा रविवारांचं औषध

बुधवारी सकाळी पावणेनऊला फोन वाजला तेव्हा परिचारिका कुसाकाबे फुमिएने अंगातला कोटही काढला नव्हता. नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात एवढ्या सकाळी फोन येतो तो एक तर लसीची तारीख विचारायला, नाही तर वाईट बातमी द्यायला. पलीकडे मोठ्या रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आकुत्सु होते. एरवी ते दोन वेळा नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलत नसत. आज त्यांनी एकदाही केला नाही.

"ओनुकी चिओरि. तुमच्या यादीतलं बाळ ना?"

"हो. सात आठवड्यांची मुलगी."

"आजच सात पूर्ण झाले. पहाटे झटके आले म्हणून आणली. डोक्यात रक्तस्राव झालाय. सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. व्हिटॅमिन के टोचलं, तर दोन-तीन तासांत गोठायला लागलं." ते जरा थांबले. "यकृत ठीक आहे, मी पाहिलं. म्हणजे अंगात के नव्हतंच. आणि माता-बाल पुस्तिका माझ्या समोर आहे. तिच्यात के दिल्याच्या आठ खुणा आहेत."

फुमिए खुर्चीत बसली. जन्मलेल्या बाळाच्या अंगात हे जीवनसत्त्व नावापुरतंच असतं, आईच्या दुधातूनही फारसं मिळत नाही, आणि ते नसलं तर रक्त गोठत नाही. म्हणून त्याचं सरबतासारखं औषध जन्मल्यावर एकदा, घरी जाताना एकदा आणि मग तीन महिने दर आठवड्याला पाजायचं. अठ्ठावीस वर्षांत हे तिने इतक्या आयांना सांगितलं होतं की झोपेतही तिने ते बिनचूक सांगितलं असतं. या कारणाने रक्तस्राव झालेलं बाळ मात्र तिने आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

"वाचेल का?" तिने विचारलं.

"वाचेल असं वाटतं. डावा हात हलत नाहीये. पुढचं आत्ता सांगता येत नाही."

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बालसंरक्षण कार्यालयातले हानावा तिच्या आधीच हजर होते. पस्तिशीचा, नीटनेटका, कधीही आवाज न चढवणारा माणूस. आवाज न चढवणाऱ्या माणसांची फुमिएला नेहमीच थोडी धास्ती वाटायची. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्यावरचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. ते तिचं स्वतःचंच होतं.

चिओरि चार आठवड्यांची असताना ती घरी भेटीला गेली होती. बाळाची आई नागिसा, वय सत्तावीस, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. फुमिएने अहवालात लिहिलं होतं: झोप नाही, वारंवार रडू येतं, कधी कधी सगळं सोडून निघून जावंसं वाटतं असं म्हणते. तिला मदत मिळावी म्हणून लिहिलं होतं. तोच कागद आता नागिसाच्या गळ्याचा फास झाला होता.

"आठांपैकी पहिल्या दोन खुणा इथल्या नर्सच्या आहेत," हानावा म्हणाले. "त्या दोन डोसांचा परिणाम केव्हाच ओसरला. पुढच्या सहा खुणा आईच्या. औषध तर पोटात गेलेलं नाही. मग त्या खुणा खोट्या."

"पुड्याच खराब असतील तर?"

"त्याच खोक्यातल्या पुड्या आणखी तीस बाळांना दिल्यात. सगळी ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी चौकशी केली." त्यांनी कागदाची घडी घातली. "शुक्रवारी तीनला बैठक आहे. तोवर दुसरं काही पुढे आलं नाही तर बाळ इथून थेट शिशुगृहात जाईल. आईकडे जाणार नाही."

"तिने मुद्दाम केलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही, कुसाकाबेबाई. म्हणणाऱ्या तुम्ही आहात. मी फक्त वाचलं."

नागिसा काचेसमोर बसली होती. आत नळ्यांच्या गुंत्यात तिची मुलगी निजलेली. फुमिए शेजारी बसली, पण तिने सांत्वन केलं नाही. सांत्वनाला वेळ नव्हता.

"रविवारी औषध कसं द्यायचीस ते सांग. अगदी पहिल्यापासून."

"संध्याकाळी तिची अंघोळ असायची. त्याआधी ट्रे यायचा. टॉवेल, कपडे आणि छोट्या पेल्यात औषध. अंघोळ झाली की मी चमच्याने पाजायचे. मग पुस्तिकेत खूण."

"पुडी कोण फोडायचं?"

"शुन्पेई." नवऱ्याचं नाव घेऊन ती अडखळली. "म्हणजे, ट्रे तो आणायचा."

"फोडताना पाहिलंस?"

"नाही. मी आतल्या खोलीत तिला पाजत असायचे."

"चमच्यात औषध कसं दिसायचं?"

"कसं म्हणजे? पाण्यासारखं. पटकन ओघळायचं, म्हणून मी चमचा अर्धाच भरायचे."

फुमिएचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. "इथे नर्सनी दिलं तेव्हा पाहिलं होतंस?"

"त्या त्यांच्या खोलीत नेऊन द्यायच्या."

"याआधी कुठे रक्त? डाग?"

"मागच्या आठवड्यात दंडावर निळा डाग होता, बोटाएवढा. मी घाबरले. आई म्हणाली, बाबांनाही असे पडायचे, त्याचं काही नसतं."

"बाबा कशाने गेले?"

"नऊ वर्षं झाली," नागिसा म्हणाली. प्रश्न तो नव्हता. तिने मान पुन्हा काचेकडे वळवली.

शुन्पेई जिन्यात उभा होता. नागोयात मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. त्याचा फोन हानावांनी आधीच पाहिला होता, आणि त्यात त्याने बायकोला पाठवलेला एक निरोप होता: एवढ्याशा जिवाला इतकी औषधं कशाला. आता तो पुन्हा पुन्हा सांगत होता की आपण सहज लिहिलं, लसींचं वेळापत्रक बघून लिहिलं. पुडी आपण कधी फोडलीच नाही, ट्रे स्वयंपाकघरात तयारच असायचा, नागिसाने तयार केला असेल असं वाटायचं. नवरा-बायकोने सहा आठवडे एकमेकांवर भरवसा टाकला होता, आणि तो पेला भरणारं मधलं माणूस दोघांनाही दिसलं नव्हतं.

"सहाही रविवार तू होतास?" फुमिएने विचारलं.

"पाच. एकदा फ्लू झाला होता म्हणून आलो नाही."

"त्या रविवारी ट्रे कोणी आणला?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. फुमिए परत काचेपाशी गेली. नागिसा म्हणाली की तो रविवारही इतरांसारखाच गेला, फक्त ट्रे आईने आणला. औषधही तसंच होतं.

गुरुवारी दुपारी फुमिए नागिसाच्या माहेरी, नेमोतोंच्या घरी गेली. वाटेत दोन्ही बाजूंना रताळ्यांच्या चकत्या जाळ्यांवर वाळत घातलेल्या होत्या आणि डोंगरावरून येणारं कोरडं वारं कानाला झोंबत होतं. नागिसाची आई तोमोए दारातच उभी होती. एकसष्ट वर्षांची, ताठ बाई. दोन दिवसांत ती बरीच खंगली होती. तरी पायपुसण्यावर चपला सरळ रेषेत होत्या, आणि मागच्या ओट्यावर धुतलेली प्लास्टिकची वेष्टणं कचऱ्याच्या दिवसासाठी उलटी वाळत घातलेली होती.

आलेल्या माणसाने आधी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची, तशी फुमिएने लावली. फोटोत एक हडकुळा माणूस तोंड भरून हसत होता. समोर चहा, भात आणि गवतात बांधलेली नात्तोची, म्हणजे आंबवलेल्या चिकट सोयाबीनची जुडी.

"यांना आवडायचा?"

"नात्तो म्हणजे जीव की प्राण," तोमोए म्हणाली. "आता हवा तेवढा खाऊ देत."

"मग संध्याकाळी उतरवून तुम्ही खाता?"

"नाही. टाकून देते."

फुमिएला ते खटकलं. ही बाई भाताचं एक शीत वाया घालवणारी नव्हती.

चहाबरोबर तोमोएने वाळवलेली रताळी ठेवली आणि लोणचं काढायला फ्रिज उघडला. फुमिएने मान वळवून आत पाहिलं. परिचारिकेला ही वाईट खोड असते. मासा होता, टोफू होतं, पांढरा मुळा होता. पालेभाजीचं पान नव्हतं. आणि या भागात ज्याच्याशिवाय कुणाची न्याहारी होत नाही, ते नात्तोचं तिहेरी पाकीटही नव्हतं.

"तोमोएताई, फ्रिजमध्ये नात्तो नाही? गावाला कळलं तर वाळीत टाकतील तुम्हाला."

तोमोए हसली नाही. "नागिसाला वास सहन होत नाही. लहानपणापासून."

"बरं. मला एवढंच सांगा, रविवारी ती औषध द्यायची ना?"

"द्यायची. सहाही रविवार, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने. कुठेही येऊन सांगेन मी. माझी मुलगी खोटारडी नाही."

"पुडी कोण फोडायचं?"

"ते दोघं बघायचे. मी अंघोळीचं पाणी तापवायचे. त्या औषधाला मी हातसुद्धा लावला नाही."

"उरलेल्या पुड्या नेऊ का? डॉक्टरांना हव्यात."

तोमोएने कपाटाचा खण ओढून पाच पुड्या काढल्या. चंदेरी, आतलं काही न दिसणाऱ्या, कडेला छापील अक्षरं असलेल्या. त्या तिने कागदात गुंडाळल्या, कागद पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली.

"जपून न्या. एखादी फुटली तर पिवळं पिवळं लागतं हाताला, आणि चिकटून बसतं. दोनदा धुवावं लागतं."

फुमिएने आभार मानले आणि पायात बूट घातले. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. 

कोणी केलं हे तिला कळलं होतं. पण का, हे कळत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. नातीवर जीव ओवाळून टाकणारी बाई होती ती. तीन आठवड्यांपूर्वीच्या भेटीत तिने बाळाला कसं धरलं होतं ते फुमिएने पाहिलेलं होतं. धरण्यातलं प्रेम खोटं करता येत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं. मग प्रेम करणारी बाई सहा आठवडे नातीचं औषध ओतून टाकते आणि पोटची मुलगी डोळ्यांसमोर बुडत असताना गप्प बसते, ते कशासाठी?

तिने नागिसाला फोन लावला. बाळाची चौकशी केली. ताप नव्हता, हात तसाच होता. मग अगदी जाता जाता विचारल्यासारखं विचारलं.

"नागिसा, तुला नात्तोचा वास चालत नाही का गं?"

पलीकडून रुग्णालयातल्या यंत्रांची बारीक टिकटिक ऐकू येत होती.

"मला? नाही. आईला चालत नाही."

"असं होय."

"का विचारलंत?"

"सहज," फुमिए म्हणाली. दोघींपैकी एक खोटं बोलत होती. कदाचित दोघीही.

शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच्या ओट्यावर नात्तोचं पाकीट उघडलं आणि तार सुटेपर्यंत काड्यांनी ढवळायला घेतलं. नवऱ्यासाठी दुसरं पाकीट काढताना तिला वाटलं, बरं आहे, याला अजून सगळं चालतं. शेजारच्या म्हाताऱ्याला गेल्या वर्षापासून बंद झालंय आणि तो भिंतीपलीकडून वास घेतो. तिच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या.

ज्याला जिवंतपणी नात्तो बंद होता, त्यालाच मेल्यावर म्हणतात, आता हवा तेवढा खाऊ देत.

ती न्याहारी न करता निघाली. हानावांना फोन करून बैठकीआधी तासभर मागून घेतला. ते नाराज झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

दोन वाजता रुग्णालयातल्या बिनखिडकीच्या खोलीत सहाजण बसले. हानावा, डॉक्टर आकुत्सु, नागिसा, शुन्पेई, तोमोए आणि फुमिए. फुमिएने एक पांढरी बशी काढली आणि पाचांपैकी एक पुडी फोडून तिच्यात ओतली. पिवळसर थेंब दाट होता. बशी तिरकी केली तरी तो निवांत सरकत राहिला.

"हे नव्हे," नागिसा पटकन म्हणाली. "हे ते औषध नाही. ते पातळ होतं, पाण्यासारखं."

"हानावासाहेब, हेच तिने मला बुधवारी सांगितलं होतं, मी काही दाखवण्याआधी. तुमचं म्हणणं, हिने औषध फेकलं आणि खोट्या खुणा केल्या. पण जी सहा पुड्या फोडून ओतून टाकेल तिला रंग ठाऊक असेल. हिला ठाऊक नाही. हिच्या खुणा खऱ्या आहेत. पेल्यात जे आलं ते हिने दर रविवारी पाजलं. पेल्यात औषध नव्हतं."

"मग काय होतं?"

"साखरपाणी असावं. तान्ह्याला चालणारं आणि पाण्यासारखं दिसणारं घरात दुसरं काय असतं?"

हानावांची नजर शुन्पेईकडे गेली. 

"तोही नाही," फुमिए म्हणाली. "एका रविवारी तो नागोयात फ्लूने पडला होता. त्या दिवशीही पेला भरलेला होता आणि आत तेच पाणी होतं. घरात तिसरं माणूस एकच. त्या माणसाने मला सांगितलं की औषधाला हातसुद्धा लावला नाही. आणि पाचच मिनिटांनी सांगितलं की ते पिवळं असतं, चिकट असतं, दोनदा हात धुवावे लागतात. बंद पुडीतून रंग दिसत नाही. चमच्यात तर तो कधी आलाच नाही. तो रंग या घरात ज्याने पुड्या फोडून मोरीत ओतल्या त्यानेच पाहिला, तोमोएताई."

 तोमोए बशीतल्या थेंबाकडे बघत होती.

"आई?" नागिसाचा आवाज फार बारीक आला.

फुमिएला पुढचं बोलायला जड गेलं, पण ते अर्ध्यात सोडणं जास्त वाईट होतं. "तुमच्या यजमानांच्या हृदयात कृत्रिम झडप होती का?"

तोमोएने मान डोलावली. "अकरा वर्षं."

"म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. दंडावर निळे डाग पडायचे ते तिच्यामुळे. डॉक्टर सांगायचे, डाग पडू देत, गोळी काम करतेय. आणि नात्तो बंद, पालेभाजी बंद, कारण त्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते त्या गोळीला निकामी करतं. औषधाच्या वहीत लाल अक्षरात लिहिलेलं असतं. अकरा वर्षं तुम्ही ती वही वाचलीत. या घरात के म्हणजे विष. आणि नात घरी आल्यावर खणात अकरा पुड्या आल्या, त्यांच्यावर तेच अक्षर."

"के-दोन," तोमोए म्हणाली. "रक्त घट्ट करणारं. एवढ्याशा पोरीला. मला वाटलं डॉक्टर चुकले. तिच्या आजोबांचं रक्त तिच्या अंगात आहे, हे डॉक्टरांना कुठे माहीत? निळा डाग दिसला तेव्हा तर मला बरं वाटलं. म्हटलं, रक्त पातळ आहे, पोर सुखरूप आहे."

आकुत्सुंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते हळू बोलले, लहान मुलाशी बोलावं तसं. यजमानांचं रक्त औषधाने मुद्दाम पातळ ठेवलं होतं, कारण झडपेवर गाठ धरायची भीती होती. बाळाला झडप नाही, गोळी नाही. बाळाच्या रक्तात गोठायची ताकदच कमी असते आणि ती ताकद या थेंबातून येते. तोमोए सगळं ऐकत होती. बुधवारी पहाटे सुईच्या जागेतून वाहणारं रक्त बघितलं तेव्हाच तिला ते कळून चुकलं होतं.

"एक गोष्ट मला समजत नाही," हानावा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला होता. "बुधवारी कळलं तर बुधवारी का बोलला नाहीत? तुमच्या मुलीकडून बाळ काढून घ्यायला आम्ही कागद तयार करत होतो. तुमच्यासमोर."

"मी केलं. जे करायचं ते मला करा."

"ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"मला तेवढंच सांगायचंय," तोमोए म्हणाली आणि टेबलाला कपाळ लागेपर्यंत वाकली. तिला तसंच राहायचं होतं. फुमिएने बऱ्याच बायका गप्प राहताना पाहिल्या होत्या, भीतीने, रागाने, हट्टाने. ही कोणाला तरी पाठीशी घालून गप्प होती, आणि आता पाठीशी घालण्यासारखं कोण उरलं होतं ते फुमिएला दिसेना.

"मी सांगते," नागिसा म्हणाली.

तोमोएचं डोकं झटकन वर आलं. "तू गप्प बस."

"मी अठरा वर्षांची होते. आई दोन दिवस मावशीकडे गेली होती. बाबांनी माझ्याकडे हट्ट धरला. एकदाच, भातावर, एकदाच. मी तीन पाकिटं आणली. खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं, मी पुन्हा तीन आणली." ती बशीकडे बघत बोलत होती. "चौथ्या दिवशी ते अंगणात पडले. मेंदूत गाठ गेली म्हणाले."

"तुला कुणी सांगितलं?" तोमोएने विचारलं. "मी तर पाकिटं... मी ती कचऱ्यातून काढून लांब नेऊन टाकली होती. तुला कधी कळू नये म्हणून. बुधवारीही त्याचसाठी गप्प राहिले, औषध का ओतलं ते सांगितलं असतं तर तुला नात्तोचं कळलं असतं."

"ते गेल्यावर सातव्या दिवशी औषधाची वही वाचली मी. लाल अक्षरं." नागिसाने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "तुला वाटत होतं मला माहीत नाही. मला वाटत होतं तुला माहीत नाही. तू सांगायचीस मला वास सहन होत नाही, मी सांगायचे तुला सहन होत नाही. तू विचारलंस, या पुड्या कसल्या. मी म्हटलं, जीवनसत्त्वाच्या. कसलं ते मला तुझ्यासमोर उच्चारवलंच नाही, आई. रुग्णालयात मला पूर्ण समजावून सांगितलं होतं. मी तुला ते दोन वाक्यांत सांगितलं असतं तर झालं असतं."

आकुत्सु म्हणाले की त्या सहा पाकिटांनीच झालं असं आज कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. ते खरं होतं, पण नऊ वर्षं उशिरा आलं होतं. 

हानावांनी घडी घातलेला तो कागद काढून फुमिएच्या हातात दिला. चिओरि आईकडेच जाईल, ते म्हणाले. पण पोलिसांना कळवावं लागेल, पुढचं ते ठरवतील, आणि तोवर आजीला बाळाजवळ एकटं सोडता येणार नाही. तोमोएने मान लववली. शिक्षा सांगितली जात होती आणि तिला ती कमी वाटत होती. शुन्पेई उठला, सासूचा कोट आणून तिच्या खांद्यावर घातला आणि तिला खाली घेऊन गेला. नागिसा जागची उठली नाही.

खोलीत दोघी उरल्यावर फुमिए म्हणाली की चौथ्या आठवड्यातल्या त्या अहवालाबद्दल आपल्याला वाईट वाटतं. नागिसाने ते ऐकलं नसावं.

"कुसाकाबेबाई, ती नऊ वर्षं मला एका शब्दाने बोलली नाही. आता मी तिला काय बोलू? मला तिचं तोंड बघवत नाही. आणि ती घरी एकटी आहे हेही सहन होत नाही."

"आज काही बोलू नकोस. उद्या सकाळी फोन कर. चिओरिचा हात हलला की नाही, तेवढंच सांग."

"आणि हलला नाही तर?"

"तर तेही सांग," फुमिए म्हणाली.